कोपराएवढं बटण

हिंजवडीहून निघालो तेव्हा लॅपटॉपमध्ये सगळं तयार होतं:
नाडी, दाब, लघवी, लॅक्टेट,
आणि त्या सगळ्यांचा मिळून एक आकडा,
शून्य आणि एकच्या मध्ये कुठेतरी थरथरणारा.
आकडा चढला की लाल चौकट.
मला ती चौकट फार आवडायची.

रास्ता पेठेतलं इस्पितळ, तिसरा मजला.
बैठक डाएटच्या खोलीत, कारण दुसरी खोलीच नव्हती.
पेजेचा वास, स्टीलच्या ट्रॉल्या,
आणि सुवार्ता साळवे सिस्टर, सव्वीस वर्षं रात्रपाळीच्या,
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या,
"लाल कशाला? इथं लाल काय कमी आहे?
लाल दिसलं की आम्ही आधी फडकं शोधतो."

डॉक्टर नौशीन इनामदार, निवासी, दुसरं वर्ष,
वाक्याच्या मध्येच डुलकी घेत होती.
काल रात्री एकशे सतरा इशारे आले, म्हणाली.
वाचले किती?
तिने कोपर वर केलं.
हातमोजे भरलेले, पडद्याला बोट लावायचं कसं,
म्हणून कोपरानेच बंद करते ती,
एकामागून एक,
ताटावरच्या माश्या हाकलाव्यात तसे.

मी वहीत लिहिलं: कोपर.

मग रात्री बसायला लागलो, काउंटरमागच्या स्टुलावर.
सिस्टर फेरीला निघाल्या की आधी पायाकडून पांघरूण सारतात,
रुग्णाचा अंगठा धरतात क्षणभर,
कणीक भिजली का बघावं तसा.
मग चेहरा.
मॉनिटर सगळ्यात शेवटी,
तोही शेजाऱ्याची विचारपूस करावी तसा.

माझ्या रकान्यांत अंगठा नव्हता.

चौदा नंबरला वेल्ह्याकडचे गुरुजी होते, दारवटकर.
आकडा म्हणत होता पॉइंट एकवीस. हिरवा.
सिस्टर म्हणाल्या, "मला काही ठीक वाटत नाही.
सकाळी सतराचा पाढा म्हणून दाखवला मला,
आता नुसतं हसतायत."
नौशीनला उठवलं. तिने पडदा पाहिला. हिरवा.
थोडा वेळ गेला. किती, ते लॉगमध्ये आहे:
एक्केचाळीस मिनिटं.

त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही.

पुढच्या बुधवारी लॅपटॉप उघडलाच नाही.
डाएट शीटच्या पाठीवर पेन्सिलीने पडदे काढले,
खोडले, परत काढले.
डॉक्टर ताम्हनकर म्हणाले,
"सिस्टरना वाटतं, याला वजन किती द्यायचं? पुरावा काय?"
प्रश्न चुकीचा नव्हता.
सिस्टर म्हणाल्या, "वजन नका देऊ. जागा द्या."

दिली. खाली उजवीकडे, एक बटण,
कोपराएवढं.
नावावरून तासभर वाद. चिंता? शंका? निरीक्षण?
ट्रॉली ढकलत चाललेले वॉर्डातले मामा दारातूनच,
"जीव खालीवर होतो म्हणा की."
सगळे हसले. मग कोणी हसेना.
हिंजवडीत विचारलं, हा वैद्यकीय शब्द आहे का?
मी म्हटलं, आहे.

दाबलं की लाल काही होत नाही.
नौशीनच्या फोनवर एवढंच: खाट अमुक, जीव खालीवर.
आणि ती खाटेशी येईपर्यंत
ते बंद होत नाही, कोपराने नाही, कशानेच नाही.

पहिल्या महिन्यात एकतीस वेळा.
बावीस वेळा काहीच निघालं नाही.
ताम्हनकरांनी बावीस फळ्यावर लिहिले,
बघत राहिले, बोलले नाहीत.
उरलेल्या नवांतल्या एक बाई परवा घरी गेल्या, धनकवडीला,
जाताना चप्पल कोणी सरकवली म्हणून भांडून गेल्या.

एक नोंद मात्र हिशेबात बसत नाही.
पहाटे चार दहा. खाट चौदा. रुग्ण: कोणी नाही.
टेस्टिंगच्या पोराने विचारलं, सर, बग दिसतोय, काढून टाकू?

राहू दे, म्हटलं.
मग त्याला काहीतरी सांगायला हवं म्हणून,
"पडदा पुसत असतील सिस्टर,
लागलं असेल कोपर."